पाटीवर काय लिहायचं?

पार्ल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निळी पाटी होती. वर हवाई दलाचे पंख, त्याखाली आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाचं नाव आणि नावाआधी ठळक अक्षरांत ‘शहीद’. गेल्या वर्षी रस्त्याच्या काँक्रिटचं काम निघालं, खोदाईत खांब उखडला आणि काम उरकल्यावर पाटी काही सापडली नाही. चार सोसायट्यांनी वर्गणी काढली, नवी पाटी करायचं ठरलं. मजकुरावरून काही अडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं, जुनाच उतरवून घ्यायचा होता. पण मुलाच्या आईला, आमच्या काकूंना, विचारायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “या वेळी शहीद नका घालू. काय झालं ते लिहा.”

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. काय झालं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंनाही नव्हतं. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी नव्हतं.

दादा चोवीस वर्षांचा होता. गल्लीतली आम्ही सगळी धाकटी पोरं त्याला दादाच म्हणायचो. खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत. तिथे छातीवर वैमानिकाचे विंग्ज लागले त्या दिवशीचा फोटो काकूंच्या हॉलमध्ये अजून आहे. ऊन डोळ्यांवर आल्यामुळे त्यात तो हसतोय की डोळे मिचकावतोय ते कळत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी दूरच्या एका तळावर सरावाच्या उड्डाणात त्याचं विमान कोसळलं. युद्ध नव्हतं, समोर शत्रू नव्हता. सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, होती आणि दुपारी काकांना ऑफिसात फोन आला. मी तेव्हा अकरावीत होतो. अंत्यसंस्कारात कुणी काही कमी केलं नाही, हे मुद्दाम सांगतो. तिरंगा, बंदुकांची सलामी, निळ्या टोप्यांतले त्याचे कोर्समेट, स्टेशनपर्यंत गेलेली माणसांची रांग, सगळं झालं.

महिनाभराने ट्रंक आली.

घरात कुणी फौजेत असेल त्याला ही ट्रंक वेगळी सांगायला नको. काळी पत्र्याची पेटी, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, हुद्दा, नाव. दादाने स्वतः रंगवलेली अक्षरं शेवटाकडे जागा न पुरल्याने दाटली होती. आत घडी घातलेले गणवेश, ब्रासोचा अर्धा डबा, बूटपॉलिश, दाढीचं सामान, बँकेचं पासबुक आणि काकूंनी सुट्टीनंतर बरोबर दिलेल्या मेतकुटाची बरणी. तळाला दोन बोटं मेतकूट उरलं होतं. वर टाइप केलेली यादी होती, प्रत्येक वस्तूपुढे नग आणि खाली सही. मेतकुटाच्या बरणीपुढे ‘बाटली, एक’ असं लिहिलं होतं. कुणीतरी माणसाने एकेक वस्तू हातात घेऊन, मोजून, नोंदवून ती आईकडे पाठवली होती. मला आजही त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटतो.

विमान का पडलं याची मात्र अशी यादी आली नाही. काकांनी पत्रं लिहिली. आधी उत्तर यायचं की चौकशी चालू आहे. मग आलं की चौकशी पूर्ण झाली, अहवाल गोपनीय आहे, कारण ‘मानवी चूक’. २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला तेव्हा काकांना उभारी आली. त्यांनी वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. काका ‘मानवी चूक’ या दोन शब्दांच्या पुढे कधी जाऊ शकले नाहीत, आणि पुढे तेही गेले.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की सेवेत गेलेल्या तरुण हवाई सैनिकाची आठवण ठेवायची तर तो कसा गेला हे त्याच्या घरच्यांना आणि देशाला कळलं पाहिजे. पाटी, चौक, पुतळा, पुष्पचक्र हे सगळं त्यानंतर. पहिली गोष्ट केली नाही तर बाकीच्या गोष्टी त्या पहिल्या गोष्टीची जागा अडवून बसतात. आमच्या गल्लीत तीस वर्षं तेच झालं.

‘शहीद’ या शब्दाचंच घ्या. सरकारदरबारी त्याची व्याख्या नाही. संरक्षण दलांत हा शब्द अधिकृतपणे वापरत नाहीत, हे सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा सांगितलं आहे. दलांच्या कागदांत दोन वेगळे रकाने असतात, ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. लढाईत पडलेला एकीकडे, इतर कारणाने गेलेला दुसरीकडे. त्यावरून पेन्शन ठरते, सानुग्रह रक्कम ठरते. २०१६ पासूनच्या दरांनुसार युद्धात शत्रूच्या कारवाईत मृत्यू आला तर ४५ लाख, कर्तव्यावर असताना अपघातात आला तर २५ लाख. हा फरक असावा की नसावा यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि मला त्यात शिरायचं नाही. मला खटकतं ते दुसरंच. कागदावर आपण अपघात आणि लढाई काटेकोरपणे वेगळी करतो, आणि चौकात आल्यावर एकच शब्द सगळ्यांवर पांघरूण म्हणून घालतो. त्या पांघरुणाखाली ‘काय झालं?’ हा प्रश्न झाकला जातो. शहीद म्हटलं की माणूस मरण्यासाठीच गेला होता असं वाटायला लागतं. दादा मरायला गेला नव्हता. तो दीड तासात उतरून नाश्ता करणार होता.

आपल्या पार्ल्यातच कॅप्टन विनायक गोरे यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. १९९५ मध्ये काश्मीरमध्ये ते कामी आले. त्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात, पण पार्लेकरांना ते कसे गेले ते माहीत आहे, याचं कारण पूल नाही. त्यांच्या आईने पुढे मराठीतून सैनिकांबद्दल सातत्याने लिहिलं, शाळाशाळांतून मुलांना सांगितलं. हकिगत सांगणारं कुणीतरी होतं म्हणून नाव जिवंत राहिलं. दादाच्या आईकडे सांगायला हकिगतच नाही.

दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक मी पाहिलं आहे. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुलं झालं. त्याग चक्राच्या गोल भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत, स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत आणि मोहिमांत कामी आलेल्यांची. मला तिथे बोलता येईना, इतकं ते भिडतं. देशाला असं स्मारक मिळायला बहात्तर वर्षं लागली, ही गोष्ट वेगळी. पण सरावात गेलेल्यांसाठी, नेहमीच्या उड्डाणावर गेलेल्यांसाठी अशी भिंत कुठे? पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांचं स्मशान आहे, दीड हजारांहून अधिक सारख्या आकाराचे दगड. ती स्मशानं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाचा सैनिकांपुरता नियम असा की ठरावीक तारखांच्या दरम्यान सेवेत असताना मृत्यू आला असेल तर नाव कोरायचं. गोळीने गेला, तापाने गेला की उड्डाणात गेला हे बघायचं नाही. त्याच आयोगाने हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांना पहिल्या महायुद्धानंतर तसं समान वागवलं नाही, हे २०२१ मध्ये त्यांनी स्वतः कबूल केलं. तरी नियम घेण्यासारखा आहे. हवाई दलाची लढण्याची ताकद सरावातूनच तयार होते. सरावात जीव गेला तर तो कमी प्रतीचा कसा?

आता विमानांबद्दल. दादाच्या पिढीने उड्डाण शिकलं तो काळ समजून घेतल्याशिवाय ‘मानवी चूक’ या शब्दांचा अर्थ कळत नाही.

मिग-२१ हवाई दलात आलं १९६३ मध्ये आणि निरोप घेतला २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडच्या तळावर. बासष्ट वर्षं. त्यातली शेकडो विमानं आपल्या नाशिकजवळ, ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झाली, म्हणजे त्यांत मराठी कामगारांचा घाम आहे. ते विमान वाईट होतं असं मी म्हणणार नाही. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी अचूक मारा केला होता. पण ते क्षमा करणारं विमान नव्हतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाण्यासाठी बनवलेलं, छोट्या पंखांचं. धावपट्टीवर उतरतानाच वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. आणि आपली मुलं त्यावर यायची ती ‘किरण’ या ध्वनीहून कमी वेगाच्या साध्या ट्रेनरवरून. मध्ये पायरीच नव्हती. सायकलवरून उतरवून थेट भरधाव ट्रक हाती द्यावा, तसं.

ही मधली पायरी, म्हणजे प्रगत जेट ट्रेनर, घ्यायला हवी हे कुणाला कळत नव्हतं असं नाही. एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच तसं सांगितलं होतं. १९९७ मध्ये अपघातांवर आणखी एक समिती बसली, तिचे अध्यक्ष डॉ. अब्दुल कलाम होते. ‘हॉक’ या प्रगत जेट ट्रेनर विमानांचा करार झाला २००४ मध्ये. ती बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. म्हणजे शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षं गेली. एक संपूर्ण पिढी त्या मधल्या वर्षांत कॉकपिटमध्ये बसली. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले : घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले, त्यांत १७१ वैमानिक गेले, ३९ नागरिक गेले, इतर दलांतले आठ जण गेले. कारणं म्हणून दोन गोष्टी सांगितल्या, मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड.

जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हला हवाई दलाची प्रात्यक्षिकं झाली. मी मुलीला घेऊन गेलो होतो. कठड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतींच्या पथकाची नऊ विमानं समुद्रावरून आली आणि पोटातून आवाज गेला. ती लाल-पांढरी विमानं म्हणजे हॉकच. दादाच्या वेळी जे विमान असायला हवं होतं ते, तीस वर्षांनंतर, माझ्या मुलीच्या डोक्यावरून जात होतं. ती टाळ्या वाजवत होती, मीही वाजवत होतो. आणि याच सूर्यकिरणच्या दोन हॉक विमानांची १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूत एअर शोच्या सरावात टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी गेले, हे त्या गर्दीत फार जणांना आठवत नसावं. आयोजकांनी तेव्हा एक मिनिट त्यांचं नाव घेतलं असतं तर मुंबईकर शांत उभे राहिले असते. या शहराला उभं राहायला येतं.

आता ‘मानवी चूक’. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातले हवाई दलाचे ३४ अपघात मोजले आहेत, त्यांपैकी १९ ‘मानवी चूक, वैमानिक’ या रकान्यात. निम्म्याहून जास्त. हा रकाना खोटा आहे असं मी म्हणत नाही. वैमानिक चुकतात. पण चूक कशी होते ते बघा. रात्री ढगात शिरल्यावर क्षितिज दिसेनासं होतं. कानातल्या आतल्या नळ्यांमधला द्रव आपल्याला तोल सांगतो. विमान हळूहळू एका अंगावर कललं तर तो द्रव ते कळू देत नाही. शरीर ठासून सांगतं की तू सरळ आहेस, आणि समोरचं यंत्र सांगतं की तू कलला आहेस. त्या क्षणी शरीरावरचा विश्वास सोडून यंत्रावर ठेवायचा, हे शिकायला शेकडो तास लागतात. याला दिशाभ्रम म्हणतात, आणि तो अनुभवी माणसालाही होतो. मग त्या चोवीस वर्षांच्या मुलाला असे किती तास मिळाले होते? त्या आठवड्यात तो किती झोपला होता? ते यंत्र बरोबर दाखवत होतं का? हवामान बघून त्या सॉर्टीला कुणी हो म्हटलं? ‘मानवी चूक’ म्हणताना आपण एकाच मानवाकडे बोट दाखवतो, जो उत्तर द्यायला उरलेला नाही. बाकीची माणसं त्या शब्दांच्या मागे उभी असतात.

फ्लाईट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानात सुरतगढला त्यांचं मिग-२१ कोसळलं. आधी ठपका वैमानिकावरच आला. त्यांचे आईवडील, कविता आणि अनिल गाडगीळ, यांनी तो मान्य केला नाही. वडील स्वतः हवाई दलात वैमानिक होते, विमान त्यांना कळत होतं. त्यांनी हवाई सुरक्षेसाठी मुलाच्या नावे संस्था काढली, राष्ट्रपतींपर्यंत दाद मागितली, पत्रामागून पत्र लिहिलं, आणि मुलाच्या कौशल्यावरचा डाग पुसणारं पत्र खुद्द हवाई दलप्रमुखांकडून येईपर्यंत ते थांबले नाहीत. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण प्रत्येक घरात वैमानिक वडील नसतात. आमचे काका विमा कंपनीत हेडक्लार्क होते. त्यांना इंजिनाचं तापमान वाचता येत नव्हतं, कुणाला काय विचारायचं तेही कळत नव्हतं. मुलगा कसा गेला हे कळणं आईबापांच्या चिकाटीवर, ओळखीवर आणि शिक्षणावर अवलंबून असेल, तर तो हक्क राहत नाही.

खरं सांगितल्याने हवाई दलाची मान खाली जाते, असं काही जणांना वाटतं. त्यांनी बडगाम आठवावं.

समर स्मारक खुलं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाकिस्तानात बालाकोटवर आपला हवाई हल्ला झाला, आणि तिसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ ला, श्रीनगरजवळ बडगामला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. आतले सहा हवाई सैनिक गेले, खाली एक नागरिक गेला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. त्या दिवशी देशाच्या प्रत्येक टीव्हीवर एकच चेहरा होता, पाकिस्तानच्या हाती लागलेल्या विंग कमांडर अभिनंदन यांचा. तो असायलाच हवा होता. पण बडगामच्या सहांचे चेहरे पट्टीवरून सरकून गेले. नाशिकला अंत्ययात्रेला लोटलेल्या लोकांनाही तेव्हा हेच वाटत होतं की तांत्रिक बिघाड असेल. पुढे चौकशीत निघालं की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नवे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत सरळ मान्य केलं की ही आमची मोठी चूक होती, आणि पुन्हा होऊ नये म्हणून पावलं उचलली आहेत. याहून कडू सत्य दुसरं कोणतं असणार? ते उच्चारल्यावर हवाई दल मोडलं नाही. निनाद मांडवगणे यांचं मोल एका कणाने कमी झालं नाही. माझ्यासारख्या माणसाचा हवाई दलावरचा विश्वास तर त्या दिवशी वाढला.

आणि कुन्नूर. ८ डिसेंबर २०२१ ला सरसेनाध्यक्ष जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर निलगिरीत कोसळलं, चौदा जण गेले. १४ जानेवारी २०२२ ला, म्हणजे सव्वा महिन्यात, हवाई दलाने चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले : बिघाड नाही, घातपात नाही, हलगर्जी नाही, दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला. पाच-सहा ओळी. कुठलं गुपित फुटलं नाही, कुठल्या शत्रूला त्याचा फायदा झाला नाही. माझी मागणी या पाच-सहा ओळींची आहे. सरसेनाध्यक्षांच्या अपघातानंतर ज्या देता येतात, त्या दादासारख्या फ्लाईंग ऑफिसरच्या अपघातानंतर का देता येऊ नयेत?

आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त विंग कमांडर राहतात. त्यांच्याशी मी यावर बराच वाद घातला. त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. ते म्हणाले, कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे दलाच्या अंतर्गत चौकशीत, माणसं मोकळेपणाने बोलतात, कारण ते बाहेर जाणार नाही याची त्यांना खात्री असते. मेकॅनिक येऊन सांगतो की मी तो नट दुसऱ्यांदा तपासला नाही. उद्या ते पेपरात येणार असेल तर तो गप्प बसेल, आणि पुढचं विमान पडेल. हे मला पटलं. म्हणूनच साक्षी नकोत, नावं नकोत, शस्त्रांची माहिती नको. नागरी विमानांच्या अपघातांची चौकशी करणारी आपली यंत्रणाही कायद्यानुसार दोष ठरवत नाही, अपघात पुन्हा होऊ नये यासाठी कारण शोधते, आणि तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर महिन्याच्या आत प्राथमिक अहवाल आला. त्यातल्या त्रोटक वाक्यांवरून वैमानिकांवर नको तेवढी चिखलफेक झाली, हेही खरं. पण त्याला उत्तर अहवाल लपवणं नाही, तो अधिक नीट लिहिणं आहे.

विंग कमांडर साहेबांचा दुसरा मुद्दा असा की ही मुलं धोका पत्करूनच येतात. हो, येतात. आणि आपण त्यांना पाठवतो. धोका पत्करणाऱ्याशी आपला करार असतो की टाळता येण्यासारखा धोका आम्ही टाळू. तो टाळला गेला की नाही हे कारण कळल्याशिवाय कसं समजणार?

हवाई दल आणि सरकार आपल्या माणसांना विसरतं, असं म्हणणं अन्याय होईल. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या बाजूच्या बर्फात हरवलं. त्यांचे देह शोधण्याच्या मोहिमा इतकी वर्षं चालू राहिल्या की सप्टेंबर २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, आणखी चार जणांचे अवशेष खाली आणून घरी पोचवले गेले. २२ जुलै २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाताना बंगालच्या उपसागरावर एएन-३२ नाहीसं झालं, २९ जण होते. जानेवारी २०२४ मध्ये समुद्रतळावर ३,४०० मीटर खोल त्याचे अवशेष मिळाले. त्यातल्या घरांनी साडेसात वर्षं ‘बेपत्ता’ हा शब्द उशाशी घेऊन काढली. जी यंत्रणा हिमनदी खणते आणि साडेतीन किलोमीटर खोल समुद्रात उतरते, तिला कपाटातल्या फायलीपर्यंत जाणं अवघड नाही. हे फक्त कुणीतरी ठरवायला हवं.

ठरवायचं म्हणजे काय, ते माझ्या परीने सांगतो. शांततेच्या काळात तिन्ही दलांत उड्डाणात गेलेल्या प्रत्येकाचं नाव, दिनांक, विमान आणि निष्कर्षाच्या पाच-सहा ओळी असलेली सार्वजनिक नोंद. चौकशी पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत घरच्यांना भेटून, त्यांच्या भाषेत, समजेल असं सांगणारा अधिकारी. पत्र नव्हे, माणूस. आणि जुन्या अपघातांच्या फायली, ज्यांतली विमानंच आता संग्रहालयात आहेत, त्या उघडणं. मिग-२१ निवृत्त झालं आहे. त्याच्या १९७५ च्या किंवा १९९३ च्या अपघातात कोणतं गुपित उरलंय? मुंबईचे सहा खासदार लोकसभेत आहेत. त्यांच्यातल्या एकाने जरी हा प्रश्न लावून धरला तरी कितीतरी घरांत पहिल्यांदा काहीतरी कळेल. आमच्या चार सोसायट्यांनी सह्यांचं पत्र तयार केलं आहे. काकूंची सही पहिली आहे. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचा हात थरथरतो, तरी सही त्यांनी मराठीत आणि पूर्ण नावानिशी केली.

पाटीचं मग असं झालं. शहीद घालायचं नाही हे काही जणांना पटेना. एका आजोबांना तो दादाचा अपमान वाटला, ते रागावून उठून गेले. काकू त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेल्या. म्हणाल्या, “भाऊ, शहीद आपण म्हणतो. फ्लाईंग ऑफिसर तो स्वतः झाला होता. ते पहिलं लिहा.” आजोबा परत येऊन बसले.

पार्ला मार्केटजवळच्या पेंटरला मजकूर दिला : हुद्दा, नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख, ‘भारतीय हवाई दलाच्या सरावाच्या उड्डाणात’. त्याखाली एक ओळ मोकळी सोडायला सांगितली. पेंटरने दोनदा विचारलं की खालची जागा चुकून राहिली आहे का. काकूंनी त्याला हाताने माप दाखवलं, साधारण चार बोटं, आणि सांगितलं की तेवढा निळा रंग डबल हात मार, पुढे त्यावर लिहायचं आहे.